वरून बघणाऱ्या बाई

नाशिक जिल्ह्यातलं एकूण एक डबकं जिला नावानिशी ठाऊक आहे आणि स्वतःच्या दारासमोर कोण राहतं हे मात्र ठाऊक नाही, असं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या बाई. त्या कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झाल्या होत्या आणि मग एका सरकारी कामाच्या कंत्राटावर उपग्रहाच्या फोटोंवरून जिल्ह्यातल्या पाणथळ जागांचा नकाशा करायला बसल्या होत्या. पाणथळ म्हणजे तळी, दलदली, नदीकाठचा चिखल, वर्षातून काही काळ का होईना पाणी जिथं बूड टेकतं अशी कुठलीही जागा. फोटोत जे दिसलं ते खरंच तिथं आहे का हे जाऊन बघावं लागे. त्यासाठी गाडी लागे, आणि त्या गाडीचा ड्रायव्हर मी. मी जत तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली, द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर इकडं आलो, पुढं एका ट्रॅव्हल्सवाल्याची बोलेरो हातात आली आणि मी इथंच राहिलो. आमच्याकडं पाण्याचा विषय निघाला की माणसं गप्प होतात. इथं एक बाई पाण्याच्या मागावर जिल्हाभर हिंडायचं म्हणत होत्या. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. भीती मला तशी सगळ्याचीच वाटते. कागदाची, साहेबाची, टोलनाक्याची, मालकाच्या मिस्ड कॉलची.

पहिल्याच दिवशी मुंबई नाक्याच्या सर्कलवर मी विचारलं, ‘मॅडम, डावीकडं का उजवीकडं?’ मागून बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मॅडम ऑफिसात बसतात. मला बाई म्हणा. आणि ईशान्येला घ्या.’ डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. वरून बघणाऱ्याला डावं-उजवं नसतं म्हणे, दिशा असतात. सूर्य बघा आणि वळा. त्या दिवशी आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. निफाडला जायचं ते आम्ही पाथर्डी फाट्याच्याही पुढं निघून गेलो. मी मनात म्हटलं, आता ही बाई मालकाला फोन करणार आणि माझी बोलेरो जाणार. त्यांनी खिडकीतून वर बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुमची चूक नाही, ढगांची आहे. ढगांनी माझंसुद्धा फार नुकसान केलंय.’ मला वाटलं गंमत करतायत. बाई गंमत करत नसत. हे कळायला मला सहा महिने लागले, आणि ऑफिसातल्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. शिपायाला तुम्ही, चहावाल्याला तुम्ही, रस्त्यात आडव्या पसरलेल्या कुत्र्याला ‘सरकता का जरा?’ माणसाचं नाव लक्षात ठेवत नसत, गाव लक्षात ठेवत. मी ‘जतकर’. ऑफिसातले मोठे साहेब मूळचे येवल्याचे, म्हणून भर मीटिंगमध्ये ‘अहो येवलेकर’. साहेबांच्या कपाळावर आठी उठायची. बाईंना ती दिसायची नाही, कारण एवढ्या जवळचं त्यांना काही दिसतच नसे. घरात चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या बाई स्क्रीनवर मात्र मोहरीएवढा ठिपका दाखवून सांगायच्या, ‘हा बंधारा फुटलाय. गेल्या महिन्यात नव्हता फुटला.’

दर पाच दिवसांनी सकाळी उपग्रह नाशिकवरून जायचा. त्या वेळी बाई हातातलं काम टाकून गच्चीवर. केस सारखे करायच्या, पदर नीट करायच्या आणि वर बघत उभ्या. दिसत काही नसे. खालच्या मजल्यावरच्या काकू गच्चीत कुरडया वाळत घालत. त्यांनी एकदा विचारलं, ‘काय बघता हो सारखं?’ बाई म्हणाल्या, ‘मी नाही बघत, तो बघतो. पण घाबरू नका, तुमच्या कुरडया त्याला दिसत नाहीत.’ दुसऱ्या दिवसापासून काकू कुरडयांवर जुनी साडी टाकायला लागल्या. मी बाईंना विचारलं, मग त्याला दिसतं तरी काय? त्यांनी मला स्क्रीनवर एक चौकोन दाखवला. ‘दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद धरा. त्याच्या आत जे काही असेल त्या सगळ्याचा मिळून एकच रंग होतो. तुम्ही, मी, म्हैस, येवलेकर, सगळे एका रंगात.’ आयुष्यात साहेबाच्या रंगात आपलाही रंग मिसळतो हे मला पहिल्यांदा त्या दिवशी कोणी सांगितलं, म्हणून ते डोक्यात राहिलं.

त्यांच्या फोटोत हिरवं ते लाल दिसायचं. पीक जितकं तरारलेलं तितकं लाल, आणि पाणी काळं. हे त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्यांना ते ठाऊक नसतं हे ध्यानातच राहायचं नाही. पिंपळगावकडं एका शेतकऱ्याच्या बांधावर उभ्या राहून मनापासून कौतुक करायला गेल्या, ‘तुमची बाग काय सुंदर लालभडक दिसतेय हो वरून.’ तो माणूस घाईनं पानं उलटून बघायला लागला. ‘लाल? करपा पडला का काय?’ बाई म्हणाल्या, ‘छे, सगळ्या शिवारात तुमचीच लाल आहे.’ तो तडक पंप पाठीवर घेऊन फवारायला गेला. मी मागं जाऊन समजावलं तेव्हा म्हणाला, ‘भाऊ, मग अशा बाईला एकटं सोडता कशाला गावात?’

आणि विंचूरच्या बाजूचं ते तळं. एका सकाळी बाईंचा फोन, आवाज लहान पोरीसारखा. ‘जतकर, नवीन पाणी सापडलंय. गेल्या वर्षी नव्हतं. लवकर या.’ त्यांनी बरोबर बिस्किटाचे पुडे घेतले होते. नव्या पाण्याला रिकाम्या हातानं जायचं नाही, काठावर कोणी ना कोणी लेकरं असतातच, हा त्यांचा नियम. जाऊन बघतो तर द्राक्षाची बाग. अवकाळीच्या धास्तीनं मालकानं सगळ्या बागेवर प्लास्टिक अंथरलेलं, ते वरून पाण्यासारखं चमकलेलं. बाई बांधावर बराच वेळ उभ्या राहिल्या. बागवाला बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बाई, तुम्ही पाणी हुडकीत आल्या अन् आम्ही पाण्यापासून जीव झाकून बसलोय. घ्या, द्राक्षं खा.’ परत येताना बाई खट्टू. ‘वरून बघितलं की असं होतं,’ म्हणाल्या. ‘म्हणून खाली यावं लागतं. खाली येऊन जे दिसतं तेच लिहायचं. मनातलं नाही लिहायचं.’

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. मला डेंग्यू झाला तेव्हा खोलीवरच्या पोरांनी दवाखान्यात टाकलं आणि ती कामाला गेली. जतहून कोण येणार? आईला मी कळवलंच नव्हतं. बाई आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. फळं नाहीत, काही नाही, नुसता पेपर. तो पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागल्या. वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकला. नर्सनं विचारलं, ‘तुम्ही यांच्या कोण?’ मला वाटलं म्हणतील, माझा ड्रायव्हर आहे. त्या म्हणाल्या, ‘हे माझे सहकारी.’ तोवर मी ए, पोऱ्या, गाडीवाला, त्या कानडी मुलखातला असा सगळा होऊन चुकलो होतो. सहकारी कधी झालो नव्हतो. सलाईन लावलेल्या हातानं डोळे पुसता येत नाहीत, म्हणून मी भिंतीकडं तोंड केलं.

तर अशा या बाईंचा जीव एका लवणात अडकला. लवण म्हणजे सखल जागा, चहूबाजूचं पाणी येऊन साठतं ती. निफाडच्या पुढं आत वळलं की एका गावाच्या मागं हे लवण होतं. पावसाळ्यात कमरेइतकं पाणी, दिवाळीनंतर ते हळूहळू मागं सरायचं, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन. कागदोपत्री ती शहरातल्या एका घराण्याची, पण बुडणारी जमीन म्हणून त्यांनी कधी ढुंकून बघितली नव्हती. गावातली बिनजमिनीची पंधरा-वीस घरं तिथं गाळपेर करायची. म्हणजे पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात हरभरा टोकायचा. नांगर नको, विहीर नको, ओल असतेच. आणि वाटणीही अशी सरळ की मी तोंडात बोट घातलं. पाणी जिथवर सरलं तिथं ज्यानं काठी रोवली, तो पट्टा त्या वर्षी त्याचा. पाणी आणखी मागं गेलं की काठी आणखी पुढं. भांडण नाही. मंदाताई म्हणून एक बाई होती, नवरा नाही, दोन पोरी. ती म्हणायची, ‘आमचा तलाठी पाणीच हाय. लाच खात नाय, अन् येळेवर येतो.’ बाई या वाक्यावर इतक्या खूश झाल्या की महिनाभर भेटेल त्याला सांगत होत्या.

लवणाचं नाव पाणथळींच्या यादीत लागलं तर तिथं भराव टाकता येत नाही. आणि भराव टाकायची वेळ जवळ आली होती, कारण हायवेजवळ कांद्याची गोदामं बांधायला एक शेठ ती जमीन बघून गेला होता. बाईंना एवढंच हवं होतं, यादी बंद व्हायच्या आत लवण नकाशावर यावं. अडचण अशी की पावसाळ्यात पाणी भरलेलं असतं तेव्हा वर ढग असतात, फोटोत नुसता कापूस येतो. ढग हटतात तोवर पाणी मागं आणि हरभरा वर. म्हणजे फोटोत लाल. म्हणजे शेती. साहेब म्हणाले, ‘मॅडम, रकाना एकच आहे. पाणी लिहा नाहीतर शेती लिहा. फोटोत शेती दिसतेय.’

‘ते दोन्ही आहे,’ बाई म्हणाल्या.

‘दोन्ही असं काही नसतं.’

‘अहो येवलेकर, तुम्ही रात्री झोपता ना? झोपेत तुमचा फोटो काढून मी तुम्हाला मयत लिहू का?’

मी दाराशी फायली घेऊन उभा होतो. ऑफिसातली पोरं खाली मान घालून हसली. साहेब हसले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, आता काही खरं नाही, कारण न हसणारा साहेब काय करतो हे आम्हाला शाळेत न शिकताही कळतं.

बाईंनी मग दुसऱ्या एका उपग्रहाचे फोटो काढले, ढगांतून आरपार बघणाऱ्या. काळेपांढरे, रव्यात जिरं सांडावं तसे. त्यात लवण स्वच्छ काळंभोर होतं, चारही महिने. ऑफिसनं सांगितलं, हे फोटो आपल्या ठरलेल्या पद्धतीत बसत नाहीत. तुम्हाला एवढंच वाटतं तर गावाचा ठराव आणा, इथं पाणी साचतं म्हणून. बाईंना वाटलं, हे तर सोपं. गावानं डोळ्यांनी बघितलेलं पाणी, गाव ‘आहे’ म्हणेल.

सभा शाळेच्या पडवीत भरली. भाद्रपद होता, लवण तुडुंब. पलीकडच्या वस्तीवरची माणसं पँटी वर दुमडून पाण्यातूनच सभेला आली. बाईंनी फोटो भिंतीला टेकवून सगळं समजावलं. माणसं माना डोलवत होती. तेवढ्यात मागं बसलेला शेठचा माणूस उठून म्हणाला, ‘बाकी सोडा. यादीत नाव लागल्यावर तिथं हरभरा करू देणार का, ते बाईंना विचारा.’

सगळ्यांच्या माना बाईंकडं वळल्या. मंदाताई उभी राहिली. ‘बाई, तुम्ही शिकलेल्या. खरं काय ते सांगा. नाव लागलं तर आमचा हरभरा बंद व्हईल का?’

मी पडवीच्या खांबाशी होतो. मनात म्हणत होतो, बाई, नाही म्हणा. एवढंच म्हणा. पुढचं पुढं बघू. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. म्हणाल्या, ‘होऊ शकतो. लगेच होईल असं नाही. मी तुमच्या बाजूनं लिहीन, भांडेन. पण होणारच नाही, असं मला सांगता यायचं नाही.’

शेठचा माणूस खाली बसला. त्याला आणखी बोलायची गरजच उरली नव्हती. म्हातारा उपसरपंच पुटपुटला, ‘मग नकोच ना बाई. आहे ते आहे.’ ठराव झाला, सदर ठिकाणी पाणी साचत नाही. हे लिहिणाऱ्या ग्रामसेवकाची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. मंदाताईनंही हात वर केला, बाईंकडं न बघता.

परतताना माझ्यानं राहवेना. पहिल्यांदाच त्यांना बोललो. ‘बाई, नाही म्हणायचं होतं. एक शब्द तर होता.’

त्या म्हणाल्या, ‘जतकर, वरच्या फोटोत चूक झाली तर खाली जाऊन दुरुस्त करता येते. खालीच खोटं सांगितलं, तर मग कुठं जाऊन बघायचं?’

बोलणं खरं होतं. पण मला त्या दिवशी त्या खरेपणाचा राग आला. खरं बोलणं परवडणारी माणसं वेगळी असतात असं वाटलं. आज बघतो तर त्यांनाही ते कुठं परवडलं? पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. कारण विचारायला गेल्या तर साहेब म्हणाले, ‘वयाचाही प्रश्न आहे, मॅडम.’ नकाशाचं जाडजूड पुस्तक निघालं, गुळगुळीत कागद, मंत्र्यांचा फोटो. मुखपृष्ठावर चिखलात उभा एक पांढरा चमचा पक्षी. तो बाईंनी लवणातच टिपलेला. आत मात्र लवणाच्या जागी ‘शेती’. बाईंनी पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाल्या, ‘छपाई चांगली आहे.’ ज्या दिवशी मुरमाचा पहिला डंपर लवणात रिकामा झाला, त्या दिवशी गाळपेरवाली माणसं काठ्या घेऊन काठावर उभी होती म्हणे. पाणी सरायची वाट बघत. ते त्या वर्षी सरलं नाही, मुरमाखाली गेलं. शेती म्हणून जी जमीन वाचवली, तिच्यावर तारेचं कुंपण आलं आणि आत जायला त्यांनाच मनाई झाली.

यंदा भाद्रपदात बाईंचा फोन आला. ‘सुट्टी असेल तर एकदा लवणाकडे जाऊन येऊ.’ मी मालकाशी खोटं बोलून गाडी काढली. निफाडच्या पुढं आत वळलो. पत्र्याची लांबच लांब शेड, गेट, खुर्चीवर वॉचमन. तो कुठला लांबचा, माझ्यासारखाच. बाईंनी विचारलं, ‘इथं पाणी असायचं ना?’ तो म्हणाला, ‘पानी? नहीं माताजी, यहाँ तो गोदाम है.’ एरवी बाईंनी पिशवीतून फोटो काढून त्याला अर्धा तास ऐकवलं असतं. त्या फक्त ‘अच्छा’ म्हणाल्या.

वळून येताना फाट्यावर मंदाताई उभी दिसली. कांदे निवडायला बायकांना घेऊन जाणाऱ्या पिकअपची वाट बघत, डोक्याला रुमाल बांधलेला. मी गाडी थांबवली नसती, पण बाईंनी काच खाली केली. मंदाताईनं बघितलं, ओळखलं, जवळ आली. पोरींची चौकशी झाली. मोठीही आता बरोबरच कांद्याला येते म्हणाली. मग खिडकीच्या काठावर हात ठेवून म्हणाली, ‘बाई, राग धरू नका, एक इचारू? त्या दिवशी पडवीत खोटं बोलल्या असत्या, तर काय बिघडलं असतं तुमचं?’

आवाजात भांडण नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं तिनं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसायला लागल्या. तो परत लावायच्या आतच पिकअप आली. मंदाताई म्हणाली, ‘जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार? आम्हीच हात वर केले.’ आणि मागच्या फळीवर पाय देऊन बायकांत चढून बसली.

बाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. एरवी त्या पुढं बसतात, मला दिशा सांगायला. चांदोरी मागं पडली. मी आरशातून बघायचं टाळत होतो. मग अचानक त्यांनी विचारलं, ‘जतकर, तुमच्याकडे पाऊस कसा आहे यंदा?’

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता. बाजरी जळाली, टँकर सुरू झालाय, तू इकडची काळजी करू नको, असं एका दमात बोलून तिनं फोन ठेवला होता.

मी म्हणालो, ‘झक्क झालाय, बाई. तलाव भरलाय आमचा.’

‘हो?’

‘हो. सांडव्यावरनं पाणी चाललंय म्हणे.’

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. जत तालुक्यातला कुठला तलाव भरलाय आणि कुठला कोरडा आहे, हे त्यांना गाडीत बसल्या जागी मोबाईलवर बघता आलं असतं. आरशात नजर गेली. मोबाईल त्यांच्या मांडीवर पालथा होता.

‘बरं झालं,’ बाई म्हणाल्या आणि त्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या. नाशिक येईपर्यंत तो हात तिथून हलला नाही.